मित्राच्या गाडीची ट्यून आपल्या गाडीत: टाकण्याआधी काय काय तपासलं

"अण्णा, मित्राच्या गाडीत हीच फाईल आहे, लई भारी ओढते. माझ्यातबी तीच टाका की."

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात रिमॅपचं, म्हणजे गाडीच्या संगणकातले इंजिनाचे आकडे बदलून ताकद वाढवण्याचं, काम करणाऱ्याला हे वाक्य पाठ असतं. फाईल मोबाइलवर आलेली असते, कधी गोव्याकडून, कधी कोल्हापूर-पुण्याकडून. इंजिन तेच, मॉडेल तेच, सालही तेच, मग फाईल का चालणार नाही, असा हिशेब असतो. तो कुठे चुकतो हे एका गाडीवर शेवटपर्यंत दाखवतो. गाडी 1248 सीसीची 1.3 लिटर डिझेल, 90 पीएसची, व्हीजीटी टर्बोवाली (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा; व्हीजीटीत पाती फिरती असतात). फाईल आलेली किनारपट्टीवरच्या तशाच गाडीतून.

ट्यून म्हणजे आकड्यांचे तक्ते. किती आरपीएमला, पाय किती दाबला असता, किती हवा आली तर किती डिझेल सोडायचं, टर्बोने किती दाब द्यायचा, रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) दाब किती ठेवायचा, इंजेक्टर किती मायक्रोसेकंद उघडा ठेवायचा. हे आकडे एका विशिष्ट गाडीवर, तिच्या सेन्सरवर, तिच्या नोझलवर, तिच्या गावच्या हवेत मोजून बसवलेले असतात. फाईल उघडल्यावर आकडे दिसतात; ते कोणत्या पार्टसाठी बसवले ते त्यात लिहिलेलं नसतं. सगळा धोका या न लिहिलेल्या भागात आहे.

म्हणून सुरुवात फाईलपासून केली नाही, गाडीपासून केली. ईसीयूवरचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकावरचे, नंबर उतरवून घेतले. बॉशचा ईसीयू असेल तर डिझेलचा हार्डवेअर नंबर 0281 ने सुरू होतो, पेट्रोलचा 0261 ने, आणि सॉफ्टवेअरचा नंबर 1037 ने. हार्डवेअर नंबर जुळला की लोक निर्धास्त होतात. पण त्याच हार्डवेअरवर कंपनीने वेळोवेळी वेगवेगळी सॉफ्टवेअर दिलेली असतात, आणि सॉफ्टवेअर बदललं की तक्त्यांच्या जागा मेमरीत पुढे-मागे सरकतात. एका आवृत्तीतल्या पत्त्यावरचे आकडे दुसऱ्या आवृत्तीत त्याच पत्त्यावर चिकटवले तर टर्बोच्या तक्त्याचे आकडे भलत्याच तक्त्यात जाऊन बसतात. चेकसम (फाईल बरोबर आहे हे ताडणारी बेरीज) जुळवला नसेल तर गाडी चालूच होत नाही, ते परवडलं. चेकसम टूलने आपोआप जुळवून दिला आणि आकडे चुकीच्या जागी राहिले, तर गाडी चालू होते आणि नुकसान रस्त्यावर होतं.

नंतर गाडीतली मूळ फाईल वाचून घेतली आणि दोन ठिकाणी जपून ठेवली. इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नवीन ईसीयूंमध्ये ओबीडी सॉकेटमधून (स्कॅनर जोडायच्या जागेतून) जे 'रीड' होतं ते अनेकदा खरं वाचन नसतं. टूल फक्त ओळख-नंबर वाचतं आणि त्या नंबरची कंपनीची फाईल आपल्या सर्व्हरवरून आणून देतं. गाडीत आधीच कोणी रिमॅप टाकलेला असेल तर तो यात दिसतच नाही. जुन्या मालकाने काय केलं आहे याची शंका असेल तर ईसीयू गाडीतून काढून बेंचवर (टेबलावर थेट जोडून) पूर्ण वाचून घ्यावा.

पूर्ण वाचनाला दुसरी बाजू आहे. त्यात इम्मोबिलायझरची (किल्ली ओळखणाऱ्या कुलपाची) माहिती, चासी नंबर आणि इंजेक्टरचे कोडही येतात. मित्राने 'पूर्ण बॅकअप' पाठवला आणि तो जसाच्या तसा आपल्या ईसीयूत लिहिला, तर किल्ली ओळखली जात नाही, सेल्फ फिरतो पण गाडी लागत नाही. लागलीच तर चारही इंजेक्टरचे कोड दुसऱ्या गाडीचे असतात. प्रत्येक इंजेक्टर कारखान्यात तपासून, तो किती जास्त-कमी सोडतो त्याचा कोड त्याच्या डोक्यावर छापलेला असतो. ईसीयू त्यावरून वेळ दुरुस्त करतो. परका कोड आला की एक सिलिंडर जास्त पितो, दुसरा उपाशी राहतो आणि आयडलला गाडी थरथरते. फाईलला हात लावण्याआधी स्कॅनरवरचे चारही कोड वहीत लिहून घेतले, तेही प्रत्यक्ष इंजेक्टरवरच्या कोडशी ताडून.

इंजिन धडधाकट आहे का, हे यापुढचं. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपांत बाहेरून सुमारे 1 बार हवा भरून साबणाचं पाणी मारलं. एका क्लिपजवळ बुडबुडे आले, ती बदलली. इंजेक्टरच्या रिटर्नला चार बाटल्या लावून काही मिनिटं आयडलला चालवलं. एखादी बाटली बाकीच्यांच्या दुपटीने भरली तर तो इंजेक्टर आधी बाहेर, ट्यूनचं नंतर. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये कमी आरपीएमला पूर्ण पाय दिल्यावर आरपीएम चढतात पण वेग चढत नाही, असं असेल तर क्लच प्लेट संपत आलेली आहे; जास्त टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) फाईलने ती काही दिवसांत जळते.

आता फाईल. मूळ आणि मित्राची, दोन्ही फाईली विनओएलएसमध्ये (अशा फाईली वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये) शेजारी उघडल्या आणि फरक काढले. बूस्टचा (टर्बोने द्यायच्या दाबाचा) टार्गेट वाढवलेला होता, रेलचा दाब थोडा वर होता, टॉर्कची मर्यादा उचललेली होती. इथवर कोणत्याही रिमॅपमध्ये दिसतं तेच. तीन फरक मात्र वेगळे होते आणि त्यांच्यामुळेच ही फाईल बाजूला ठेवली.

पहिला फरक बूस्ट सेन्सरच्या मोजपट्टीचा. मित्राच्या गाडीत 3 बारपर्यंत मोजणारा सेन्सर बसवलेला, आणि फाईलमध्ये पट्टी तशी बदललेली. आपल्या गाडीत 2.5 बारचा सेन्सर. सेन्सर ईसीयूला दाब सांगत नाही, व्होल्टेज सांगतो. त्या व्होल्टेजचा दाब किती धरायचा ते फाईल ठरवते. 2.5 च्या सेन्सरवर 3 ची पट्टी लावली की ढोबळ हिशेबाने प्रत्येक आकडा सहा पंचमांश होतो. खरा दाब 2.0 बार असताना ईसीयूला 2.4 दिसतो. टार्गेट 2.4 चा असेल तर ईसीयू समाधानी होतो आणि टर्बोला तिथेच थांबवतो. उलट प्रकारात, म्हणजे गाडीत 3 चा सेन्सर आणि फाईलमध्ये 2.5 ची पट्टी, ईसीयूला दाब कमी दिसतो आणि तो टर्बोला आणखी पिळत राहतो. तो प्रकार जास्त वाईट, कारण लिंप मोडसुद्धा (बिघाड ओळखून गाडीने स्वतः ताकद कमी करणं) उशिरा येतो.

हे ओळखायला लॅपटॉपवर फाईल उघडायचीही गरज नाही. फाईल टाकून झालेली असेल तर किल्ली ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि स्कॅनरवर दोन आकडे वाचा: वातावरणाचा दाब आणि मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब. इंजिन बंद असताना दोन्ही जवळपास सारखेच यायला हवेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे, त्यामुळे इथे हा आकडा 925 मिलीबारच्या आसपास येतो. वातावरणाचा दाब 925 आणि मॅनिफोल्डचा 1110 दिसला तर पट्टी परकी आहे, गाडी सुरू न करता मूळ फाईल परत टाकायची. दोन मिनिटांची तपासणी आहे आणि तिने टर्बो वाचतो. ज्यांनी कुणाची फाईल घेतलेली आहे त्यांनी ही आजच करावी.

दुसरा फरक धुराच्या मर्यादेचा. डिझेल इंजिनात आलेल्या हवेच्या मानाने इंधनाला वरची हद्द असते. एमएएफ सेन्सरने मोजलेल्या हवेवरून ईसीयू ती लावतो. या फाईलमध्ये ती हद्द जवळजवळ उठवलेली होती, कारण मित्राच्या गाडीत हवा भरपूर यायची आणि हद्द आड येत होती. आपल्या गाडीत काय झालं असतं ते मांडून पाहिलं. 1248 सीसीच्या चार सिलिंडरमधल्या एकात 312 सीसी. 2.4 बार आणि साधारण 60 अंश तापमानाला सिलिंडर साधारण 90 टक्के भरतो असं धरलं तर त्यात सुमारे 700 मिलीग्रॅम हवा येते. फाईल 42 मिलीग्रॅम डिझेल मागते. म्हणजे एका भागाला जवळपास 17 भाग हवा, थोडा धूर, पण चालण्यासारखं. सेन्सरच्या घोळाने खरा दाब 2.0 वरच थांबला तर हवा 590 मिलीग्रॅम, डिझेल तेच 42, प्रमाण एकास 14. डिझेल पूर्ण जळायला एकास साडेचौदा हवा लागते, आणि डिझेल इंजिनात फवारा नीट मिसळायला वेळ मिळत नाही म्हणून त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. 14 ला काळाकुट्ट धूर, ईजीआर (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप) आणि मॅनिफोल्डमध्ये काजळीचे थर, आणि एक्झॉस्टचं तापमान भसाभस वर. टर्बोच्या आधीचं तापमान 750-800 अंशांच्या वर सतत राहिलं की आधी टर्बोची पाती आणि सील, मग पिस्टनचा माथा.

'सतत' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. हायवेवर चार-पाच सेकंद पाय दाबून 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढून पाहावं. पाच माणसं, सामान, एसी चालू, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मिनिटामागून मिनिट भार. लोखंडाला तापायला वेळ लागतो आणि घाट तो वेळ देतो. दुसरी जागा उसाच्या हंगामातली. दोन ट्रेलर लावलेल्या ट्रॅक्टरमागे गाडी 1500 आरपीएमला रखडलेली असते आणि समोर रस्ता मोकळा दिसला की चौथ्याच गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला जातो. टर्बो अजून भरलेला नसतो, फाईल मात्र पूर्ण डिझेल सोडते. हवेची हद्द नेमकी याच क्षणासाठी असते.

तिसरा फरक उंचीचा, आणि आपल्या भागासाठी हाच सर्वांत मोलाचा. बूस्टचा टार्गेट एकूण दाबात लिहिलेला असतो. पणजीत बाहेरची हवा सुमारे 1010 मिलीबार. 2400 गाठायला टर्बोला ती 2.38 पट दाबायची असते. बेळगावात बाहेर 925; तेच 2400 गाठायला 2.6 पट. आकडा लहान दिसतो, पण टर्बो आधीच त्याच्या हद्दीजवळ चालत असेल तर एवढ्यासाठी त्याचा फिरण्याचा वेग बराच वाढतो, बाहेर पडणारी हवा जास्त तापते आणि बेअरिंगवर ताण येतो. जाम झालेला एअर फिल्टर त्यात भर घालतो. कंपनीच्या फाईलमध्ये बाहेरचा दाब कमी झाला की टार्गेट खाली आणणारा तक्ता असतो. किनाऱ्यावर ट्यून करणाऱ्याला त्याची गरज कधी भासली नाही, म्हणून त्याने तो सपाट करून टाकला होता. त्याच्या गाडीत त्याने काही बिघडलं नाही. तीच फाईल घेऊन आंबोली-चोर्ल्याच्या माथ्यावर राहणाऱ्या माणसाने गाडी चालवायची म्हणजे टर्बोला रोज हद्दीबाहेर फिरवायचं.

आणखी एक गोष्ट फाईलमध्ये बंद केलेली सापडली: काही फॉल्ट कोड. ईजीआर बंद केल्यावर चेक लाईट लागू नये म्हणून कोड दाबून टाकतात, आणि त्या ओघात बूस्ट जास्त झाल्याचा आणि रेलच्या दाबातल्या फरकाचा कोडही गेलेला होता. बिघाड ओळखून गाडी स्वतः ताकद कमी करते, तो लिंप मोड म्हणजे इंजिनाचं संरक्षण. कोड गेला की संरक्षणही गेलं. कुणाचीही फाईल पाहताना मी आधी हेच तपासतो, कारण बाकीचे आकडे थोडे इकडे-तिकडे असले तरी संरक्षण शाबूत असेल तर इंजिन वाचायला संधी असते.

बीएस-6 गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) बंद केलेली फाईल आणि प्रत्यक्षात डीपीएफ जागेवर, ही जोडी तर टाळलीच पाहिजे. रिजनरेशन (साचलेली काजळी जाळून टाकणं) होत नाही, काजळी भरत जाते, दाबाचा सेन्सर ओरडत नाही, आणि शेवटी एक्झॉस्टच तुंबतो. उलट डीपीएफ काढून टाकणं हा बेकायदा फेरफार आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. कारखान्याची वॉरंटी जाते ती वेगळी.

75 पीएसच्या 1.3 मध्ये 90 पीएसचे आकडे बसवण्याची मागणीही येते. ब्लॉक एकच, 1248 सीसी. पण 75 मध्ये स्थिर पात्यांचा वेस्टगेट टर्बो आणि 190 न्यूटन-मीटर, 90 मध्ये फिरत्या पात्यांचा व्हीजीटी आणि 200. व्हीजीटी कमी आरपीएमला लवकर भरतो, म्हणून 90 च्या तक्त्यात 1700 च्या आसपास डिझेल जास्त असतं. 75 च्या टर्बोला तिथे तेवढी हवा आणताच येत नाही. नुसता धूर.

पेट्रोल टर्बोवाल्यांचा धोका वेगळ्या जागी आहे, इग्निशन टायमिंगमध्ये (ठिणगी पाडायच्या वेळेत). 100 ऑक्टेनच्या पेट्रोलवर बसवलेली फाईल साध्या पेट्रोलवर चालवली की नॉकिंग येतं, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून ठोके बसतात. नॉक सेन्सर ठोके ऐकतो आणि ईसीयू टायमिंग मागे खेचतो, पण ठोका ऐकून मग खेचतो, म्हणजे काही ठोके बसून झालेले असतात. लॉगमध्ये (चालत्या गाडीच्या आकड्यांच्या नोंदीत) एखाद-दुसऱ्या वेळी दोन-तीन अंश मागे आलं तर चालतं. भाराखाली प्रत्येक वेळी पाच-सहा अंश मागे येत असेल तर ती फाईल त्या पेट्रोलची नाही. इथेनॉलचाही हिशेब आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून जाणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्के आहे. 10 टक्के मिश्रणाला जळायला एकास 14.1 हवा लागते, 20 टक्क्यांना साधारण 13.5. म्हणजे त्याच हवेला सुमारे 4 टक्के इंधन जास्त. दोन-चार वर्षांपूर्वी बनवलेल्या फाईलमध्ये पूर्ण भाराला इंधन काठोकाठ ठेवलेलं असेल तर आज ती गाडी कोरडी, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधनावर, चालते. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात स्वतः केलेली कायमची वाढ) 10 टक्क्यांच्या वर दिसला तर आधी हवेची गळती पाहा, मग फाईल. ड्राय क्लचचा सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर तो 250 न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे हेही ध्यानात ठेवावं. सहा गिअरच्या मॅन्युअल गाडीची फाईल त्याला लावू नये.

तर मित्राची फाईल टाकली नाही. मूळ फाईलवरच त्या गाडीपुरतं काम केलं. आधी मूळ स्थितीचा लॉग घेतला: आरपीएम, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, मागितलेला आणि मिळालेला रेल दाब, हवा. ब्लूटूथचा साधा ओबीडी अडॅप्टर असेल तर एका वेळी चार-पाचच आकडे निवडावेत. जास्त निवडले की नोंदींत अंतर पडतं आणि नेमकी उसळी सुटते. तिसरा गिअर, 1500 पासून 4000 पर्यंत, एकजण चालवायला, दुसरा लॅपटॉपला. डायनो (गाडी जागेवरच रोलरवर चालवून मोजायचं यंत्र) मिळत असेल तर रस्त्याची भानगडच नको. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट 100 मिलीबारच्या आत राहतो का, रेल दाब भाराखाली खाली बसतो का, हे पाहिलं. नंतर बूस्ट आणि डिझेल थोडं-थोडं वाढवलं, धुराची हद्द आणि उंचीचा तक्ता जागेवर ठेवले, एकही फॉल्ट कोड बंद केला नाही. ताकद मित्राच्या गाडीपेक्षा कमीच आली.

लिहिताना घाई केली नाही. बॅटरीला 30 ते 50 अँपिअरचा, 13.5 व्होल्ट स्थिर देणारा सप्लाय लावला. साधा चार्जर यासाठी चालत नाही, त्याचा व्होल्टेज हलतो. सप्लाय यूपीएसवर, लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली, स्क्रीन झोपणार नाही अशी सेटिंग. हेडलाइट, ब्लोअर, म्युझिक बंद. अर्ध्यात वीज गेली तर ईसीयू मरतो आणि मग तो बेंचवर नेऊनच उठवावा लागतो.

लिहून झाल्यावर किल्ली ऑन करून दोन्ही दाब पुन्हा वाचले, इंजेक्टरचे कोड वहीशी ताडले, फॉल्ट पुसले, आयडलला ईसीयू प्रत्येक सिलिंडरच्या डिझेलमध्ये करतो ती कमी-जास्त दुरुस्ती एका ठोक्यामागे दोन मिलीग्रॅमच्या आत आहे ना ते पाहिलं. मग लॉग, मग घाट, घाटावरून आल्यावर परत लॉग. मालकाच्या हाती मूळ फाईल आणि नवी फाईल, दोन्ही पेनड्राइव्हवर दिल्या. बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर सॉफ्टवेअर नंबर, तारीख, बूस्ट सेन्सर 2.5 बार, नोझल मूळ, आणि मोजणी बेळगावात केली एवढं लिहिलं. ही फाईल उद्या आणखी कुणी मागितली तर मालकाने त्या कागदाचा फोटोही सोबत पाठवावा, एवढं त्याला सांगून ठेवलं आहे.